रदबदली

‘रदबदली’ हा शब्द हल्ली फारशा चांगल्या संगतीत सापडत नाही. बदली थांबवण्यासाठी आमदारांनी केलेली रदबदली, प्रवेशासाठी नगरसेवकाची रदबदली, चौकीत बसवून ठेवलेल्या पोराला सोडा म्हणून फोनवरून झालेली रदबदली. बातमीत हा शब्द आला की मागोमाग ‘दबाव’ आणि ‘हस्तक्षेप’ येतातच. मला या शब्दाची ही अवस्था खटकते, कारण त्याच्याइतकं नेमकं काम करणारा दुसरा शब्द मराठीत नाही. ज्याच्या हाती आता काही सत्ता उरलेली नाही अशा माणसाने, ज्याच्या हाती सगळी सत्ता आहे त्याच्यापुढे जाऊन, तिसऱ्याच कुणासाठी शब्द टाकणं म्हणजे रदबदली. परक्या देशाच्या तुरुंगात अडकलेल्या नागरिकांना सोडवायला माजी राष्ट्राध्यक्ष आणि माजी पंतप्रधान जातात, तेव्हा ते हेच करत असतात.

शब्द मुळात जोडीने आला. अरबीतल्या ‘रद्द’चा अर्थ परतवणं, फेटाळणं, उत्तर देणं. ‘बदल’ म्हणजे एकाच्या जागी दुसरं. आपला ‘मोबदला’ही त्याच घरातला. फारसीने दोन्ही जोडून ‘रद्द-ओ-बदल’ केलं आणि त्याला देवाणघेवाण, बोलाचाली, वादावादी असे अर्थ आले. हिंदी-उर्दूने त्यातून ‘फेरफार’ उचलला. कायद्यात ‘रद्दोबदल’ झाला असं तिथे म्हणतात. मराठीने वेगळी वाट धरली. इथे बोलाचाली राहिली, पण ती दुसऱ्याच्या वतीने केलेली, आणि तीही वरचढ माणसाशी. हा अर्थ मराठीत रुळला याचं मला नवल वाटत नाही. दख्खनच्या दरबारांत, किल्ल्यांच्या कोठड्यांत आणि छावण्यांत शतकानुशतकं माणसं अडकत होती, आणि त्यांच्यासाठी कुणाला तरी जावं लागत होतं.

४ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन असेच उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्याँगयांगला गेले. लॉरा लिंग आणि युना ली या दोन अमेरिकी पत्रकारांना त्या वर्षीच्या मार्चमध्ये चीन आणि उत्तर कोरिया यांच्या सीमेवर, तुमेन नदीच्या परिसरात पकडलं होतं. जूनमध्ये बारा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्या ज्या वाहिनीसाठी काम करत, तिचे एक संस्थापक अल गोर, म्हणजे क्लिंटन यांचेच माजी उपाध्यक्ष. क्लिंटन यांच्या पत्नी तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या. तरीही ही भेट पूर्णपणे खासगी आहे, ती सुरू असताना आम्ही काही बोलणार नाही, असं व्हाइट हाउसने जाहीर केलं.

या ‘खासगी’पाशी थोडं थांबावंसं वाटतं. अरबी ‘खास’ म्हणजे निवडक, विशेष. मराठी राज्यात ‘खासगी’ म्हणजे धन्याचा स्वतःचा कारभार, दौलतीच्या हिशोबाहून वेगळा. पण वेगळा म्हणजे स्वतःपुरता नव्हे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जी बांधकामं केली, अन्नछत्रं चालवली, त्यांचा खर्च खासगीतून झाला, असंच आपण वाचत आलो. तेव्हा ज्या कामाची जबाबदारी दौलतीवर पडू नये पण जे व्हायला तर हवं, ते खासगीकडून करायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. क्लिंटन यांच्या भेटीला कुणी ‘नावापुरती खासगी’ म्हणालं तर मी ‘जुन्या अर्थाने खासगी’ म्हणेन.

त्या भेटीचा एक फोटो जगभर छापून आला. मागे समुद्राच्या लाटांचं भिंतभर चित्र. पुढे खुर्च्यांवर उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-इल आणि क्लिंटन, आणि पाठीमागे क्लिंटन यांच्याबरोबर गेलेली मंडळी उभी. किम यांच्या चेहऱ्यावर समाधान आहे. अमेरिकी चेहऱ्यांपैकी एकही हसत नाही. क्लिंटन सरळ कॅमेऱ्याकडे बघताहेत, तोंड मिटलेलं. ज्या माणसाचं हसू अमेरिकेच्या निवडणुकांत दोनदा कामाला आलं, त्याने ते इथे आवरून धरलं आहे. या फोटोसाठीच तर उत्तर कोरियाला माजी राष्ट्राध्यक्ष हवा होता. साध्या अधिकाऱ्यावर भागलं नसतं. मोबदला म्हणतात तो हाच, आणि तो चुकता करायला क्लिंटन स्वतः तिथे बसले.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या विमानतळावर उतरल्या. इकडे उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने सांगितलं की क्लिंटन यांनी मनापासून माफी मागितली आणि किम यांनी विशेष माफी दिली. अशी कुणी माफी मागितलीच नाही, असा खुलासा अमेरिकेने केला. इंग्रजीत आणि कोरियनमध्ये या दोन माफ्यांसाठी निराळे शब्द आहेत. मराठीत एकच. आपण माफी मागतोही आणि राष्ट्रपती फाशीच्या कैद्याला माफी देतातही. मूळ अरबी ‘मुआफ’ म्हणजे सूट मिळालेला, मोकळा केलेला. सारामाफी आणि कर्जमाफी यांत तोच अर्थ अजून जिवंत आहे. मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची माफी मराठीने एकाच शब्दात ठेवली, त्यामुळे एरवी गोंधळ होतो, पण प्याँगयांगमध्ये नेमकं काय घडलं ते मराठीला चटकन कळतं. एका बाजूला फक्त दिलेली माफी हवी होती, दुसऱ्या बाजूला आधी मागितलेली दाखवायची होती.

आता ‘माजी’. अरबीत ‘माझी’ म्हणजे गेलेला, भूतकाळ. व्याकरणातल्या भूतकाळालाही तिकडे हेच नाव. हिंदीत ‘पूर्व’ किंवा ‘भूतपूर्व’ चालतं, मराठीने मात्र ‘माजी’ घट्ट धरला आणि ‘आज’वरून केलेला ‘आजी’ त्याच्या शेजारी बसवला. ‘आजी-माजी आमदार’ असं आपण सहज म्हणतो. आपल्याकडे माजी झाला म्हणजे माणूस संपला: बंगला गेला, गाडी गेली, भोवतीची गर्दी गेली. पण काही कामं आजींना जमतच नाहीत. पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष प्याँगयांगला गेला असता तर ती मान्यता ठरली असती. माजी गेला तर ती भेट ठरते. शिक्का हातात नसणं हीच तिथे लायकी.

अमेरिकेचेच आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना हे सर्वांत आधी आणि सर्वांत खोल उमगलं होतं. जून १९९४ मध्ये अणुकार्यक्रमावरून युद्धाची भाषा सुरू असताना ते प्याँगयांगला जाऊन तेव्हाचे नेते किम इल-सुंग यांना भेटले आणि तोडग्याची बातमी तिथूनच दूरचित्रवाणीवर देऊन मोकळे झाले. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये क्लिंटनच होते आणि त्यांची माणसं कार्टर यांच्यावर चांगलीच चिडली होती. पंधरा वर्षांनी त्याच वाटेने क्लिंटन गेले. ऑगस्ट २०१० मध्ये कार्टर पुन्हा गेले, आठ वर्षांची सक्तमजुरी झालेल्या एका अमेरिकी तरुणासाठी. वय ८५. ते तिथे असतानाच किम जोंग-इल चीनच्या दौऱ्यावर निघून गेले. भेट झालीच नाही, पण त्या तरुणाला घेऊन कार्टर बॉस्टनला परतले. पुढच्या एप्रिलमध्ये मेरी रॉबिन्सन, मार्टी आहतिसारी आणि ग्रो हार्लेम ब्रुंटलंड या तीन माजी राष्ट्रप्रमुख-पंतप्रधानांसह ते तिसऱ्यांदा गेले. तेव्हाही एक अमेरिकी तिथे कैदेत होता. या वेळी रिकाम्या हाताने यावं लागलं. त्या कैद्याची सुटका महिन्याभराने वेगळ्या वाटाघाटीतून झाली. रदबदलीच्या पोटात ‘रद’ आहे, म्हणजे फेटाळलं जाणं आहे, हे माहीत असूनच ती करायची असते.

कैद्यांशी संबंधित आपले बहुतेक शब्द याच अरबी-फारसी पेठेतले. ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशवाईत वकील कोर्टात नसे, दरबारात असे. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. पुढे इंग्रजी कचेऱ्यांत तो शब्द कायद्याच्या माणसाला चिकटला, पण ‘वकिलात’ मात्र जुन्याच अर्थाने राहिली. ‘मुत्सद्दी’ म्हणजे पुढे होऊन काम अंगावर घेणारा. हिंदीत तो कारकून-मुनीम झाला, मराठीत राजनीतिज्ञ. त्याहून जुना ‘हेजीब’, अरबी ‘हाजिब’, म्हणजे द्वारपाल. दारावर उभा असणारा दख्खनच्या दरबारांत दुसऱ्याच्या दारी जाणारा झाला, आणि शिवकालीन कागदांत हेजीब म्हणजे सरळ राजदूत. वकिलात नसेल तिथे काय करायचं हा प्रश्न तेव्हाही होता. उत्तर कोरियात अमेरिकेची वकिलात नाही. तिथल्या अमेरिकी कैद्यांना भेटतात ते स्वीडनचे राजदूत. त्यांना भेटता येतं, पत्र पोहोचवता येतं, औषध देता येतं. पुढचं दार उघडायला दुसरा कुणी लागतो.

सगळ्यांत जास्त माजी एकाच दारावर जमले ते १९९० साली बगदादला. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला आणि हजारो परदेशी अडकले. पाश्चात्त्य आणि जपानी नागरिकांपैकी कित्येकांना धरणं, कारखाने, लष्करी ठाणी यांच्याजवळ नेऊन ठेवलं, बाँब पडू नयेत म्हणून. सद्दाम हुसेन यांनी त्यांना ‘पाहुणे’ म्हटलं. दूरचित्रवाणीवर ते एका लहान ब्रिटिश मुलाच्या डोक्यावरून हात फिरवताना दिसले. मुलाने हाताची घडी घातलेली, अंग आखडलेलं. पाहुण्यासाठीचा अरबी शब्द ‘दैफ’. त्याच धातूपासून ‘जियाफत’ होते, आणि ती ‘ज्याफत’ होऊन आपल्या जुन्या पत्रांत मेजवानीच्या अर्थाने येते. पाहुणचाराची एवढी मोठी परंपरा ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या पाहुण्याचा असा वापर व्हावा याची अनेक अरबांनाही चीड आली असणार.

पण पाहुणा आणि कैदी यांच्या मधली जागा मराठीला परकी नाही. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याला गेले ते बादशहाच्या बोलावण्यावरून, आणि दरबारानंतर राहिले ते फुलादखानाच्या पहाऱ्यात. त्या स्थितीला आपल्याकडे ‘नजरकैद’ हा शब्द आहे. बेडी नाही, कोठडी नाही, फक्त डोळे. तिथे त्यांच्यासाठी मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग ‘जामीन’ राहिला. आज आपण ‘जामीन मिळाला’ म्हणतो तेव्हा तो कोर्टाचा कागद असतो. अरबी ‘दामिन’ मात्र माणूस होता, हमी देणारा. ‘कुणाला जामीन राहणे’ या प्रयोगात तो माणूस अजून तग धरून आहे. महाराज निसटल्यावर रामसिंगावर बादशहाची खप्पा मर्जी झाली. दुसऱ्यासाठी शब्द टाकायचा तर तो आपल्यालाच भरून द्यावा लागू शकतो, हे रामसिंगाला आधीच ठाऊक असणार, तरी तो राहिला.

‘ओलीस’चं झालं ते याहून वाईट. ओलीस पूर्वी दिले जात. तह झाला की त्याची कलमं पाळली जाईपर्यंत आपली माणसं समोरच्याकडे ठेवायची. पुरंदरच्या तहानंतर आठ वर्षांचे संभाजीराजे जयसिंगाच्या छावणीत गेले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांचा पाडाव झाला, तेव्हा तहाची हमी म्हणून इंग्रजांनी आपली दोन माणसं मराठ्यांकडे ओलीस ठेवली. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचे दोन लहान मुलगे कॉर्नवॉलिसच्या हवाली झाले. त्या मोहिमेत हरिपंत फडक्यांची मराठी फौज इंग्रजांबरोबर होती. यात क्रूरपणा नव्हता असं मी म्हणणार नाही, मुलंच होती ती. पण दोन्ही पक्षांना कलमं माहीत असत. आज ओलीस दिला जात नाही, धरला जातो. नुसतं क्रियापद बदललं आणि एक जुनी राजरीत गुन्हा होऊन बसली.

बगदादला १९९० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ गेले. वय ७४, पक्षाचं नेतृत्व ज्यांनी हिसकावून घेतलं त्या मार्गारेट थॅचर सत्तेवर, आणि त्यांच्या सरकारला ही भेट नापसंत. हीथ यांनी सद्दामशी बोलणी केली, आजारी आणि वृद्ध ओलिसांची यादी पुढे ठेवली आणि तिसाहून अधिक माणसं बरोबर आणली. नोव्हेंबरमध्ये जपानचे माजी पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांनी सत्तरहून अधिक जपानी सोडवले. युरोपीय समुदायाच्या देशांनी ओलिसांसाठी सरकारी प्रतिनिधी पाठवायचे नाहीत असं नुकतंच ठरवलं असताना पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सलर विली ब्रांट गेले आणि विमानभर माणसं घेऊन आले, त्यांत जर्मनांखेरीज इतर देशांचेही होते. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने पंधरा अमेरिकी आणले. तोही एका अर्थाने माजीच. डिसेंबरमध्ये सद्दामने उरलेल्या सगळ्यांना सोडलं.

भारताने मात्र तेव्हा आजी पाठवला. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्येच बगदादला गेले. सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर झळकला आणि गुजरालना त्याबद्दल पुढे कित्येक वर्षं बोल खावे लागले. पण एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानांनी घरी आले, त्यांत कुवेतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या केलेले गोवेकरही होते. क्लिंटन यांना न हसता फोटो द्यावा लागला, गुजरालना मिठीत द्यावा लागला. मला विचाराल तर दोन्ही फोटो स्वस्तात पडले.

मराठीत या कामाला एक संस्कृत नावही आहे: शिष्टाई. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कौरवांकडे जातात ती कृष्णशिष्टाई. ‘शिष्ट’ दोन धातूंतून येतो. एक ‘शास्’, शिकवणं. त्यातून शिकलेला, सभ्य. दुसरा ‘शिष्’, उरणं. त्यातून उरलेला, ‘अवशिष्ट’मधला. शिष्टाईतला शिष्ट अर्थातच पहिला आहे, पण पद गेल्यावर माणसात जे उरतं त्यावर चालणाऱ्या या कामाला दुसरा अर्थही लागू पडतो. आणि सभ्यपणाची परीक्षा फार बारीक ठिकाणी होते. १९९५ मध्ये अमेरिकी खासदार बिल रिचर्डसन, वाट चुकून कुवेतमधून इराकमध्ये शिरलेल्या दोन अमेरिकींसाठी सद्दामला भेटले. बोलताना त्यांनी पायावर पाय टाकला, बुटाचा तळवा सद्दामकडे झाला. सद्दाम उठून निघून गेला. काय चुकलं हे दुभाष्याने सांगितलं. आपल्याकडेही वडीलधाऱ्यांपुढे तसं कुणी बसत नाही. रिचर्डसन यांनी पाय खाली घेतला, सद्दाम परतला, आणि शेवटी त्या दोघांना सोडलं. पुढे गव्हर्नरपद सोडल्यावर तर रिचर्डसन यांनी हे कामच हाती घेतलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या तुरुंगातून एका अमेरिकी पत्रकाराला त्यांनी सोडवून आणलं. २०२३ मध्ये ते वारले.

अशा भेटींनी पकडणाऱ्याचं फावतं, पुढचा ओलीस धरायला त्याला हुरूप येतो, हा आक्षेप खोटा नाही. थॅचर यांचं तेच म्हणणं होतं. पण तो आक्षेप सरकारने घ्यावा. कोठडीत बसलेल्याच्या आईने तो का ऐकून घ्यावा? म्हणून तर सरकारपासून सुटा असलेला माणूस लागतो. वर्तमानपत्रं अशा भेटींना ‘मध्यस्थी’ म्हणतात, ते मला पटत नाही. मध्यस्थ दोघांच्या मधे, सारख्या अंतरावर उभा राहतो. हीथ, कार्टर, क्लिंटन मधे उभे नव्हते, ते कैद्याच्या बाजूचे होते आणि ते लपवतही नव्हते. त्याला रदबदलीच म्हणावं.

आपल्या जवळचं उदाहरण कुलभूषण जाधवांचं. नौदलातले माजी अधिकारी, मराठी माणूस, मार्च २०१६ पासून पाकिस्तानच्या कैदेत. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तिथे नागपूरचे हरीश साळवे एक रुपया मानधनावर उभे राहिले. तेही माजी, सॉलिसिटर जनरल. देशाने परक्या दरबारात पाठवलेला माणूस आणि कायद्याचा माणूस, वकील शब्दाचे दोन्ही अर्थ त्या दिवसांत एकाच व्यक्तीत आले. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला: वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, शिक्षेचा फेरविचार व्हावा, तोवर फाशी देऊ नये. कायद्याने जेवढं मिळतं तेवढं मिळालं. जाधव सुटले नाहीत.

आणि ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत ते खलाशी. ‘खलास’ हा अरबी शब्द, अर्थ सुटका. मराठीत तो ‘संपलं’ या अर्थावर येऊन थांबला, पण ‘खलाशी’ त्याच मुळातला असं मानतात. पालघर-डहाणूची कितीतरी माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, पाण्यावर न दिसणारी हद्द ओलांडली जाते आणि कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षं जातात. तसेच पाकिस्तानी कोळी आपल्याकडे. दोन्ही सरकारं दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या याद्यांतल्या नावांसाठी कुणी माजी पंतप्रधान विमानात बसत नाही. निवृत्त न्यायमूर्ती मात्र जात होते. २००७ मध्ये दोन्ही देशांनी त्यांची एक संयुक्त समिती नेमली. हे माजी न्यायमूर्ती एकमेकांच्या देशांतल्या तुरुंगांत जात, कैद्यांशी बोलत, शिक्षा भोगून झालेल्यांना सोडा, आजाऱ्यांना आधी सोडा अशा शिफारशी करत. ऑक्टोबर २०१३ नंतर ती समिती भेटलेली नाही. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करायचं दोन्हीकडे ठरलं होतं, ते ठरण्यापाशीच राहिलं. त्या न्यायमूर्तींना पुन्हा जाऊ द्या, असं दोन्ही देशांतले कार्यकर्ते आणि कोळ्यांच्या संघटना वर्षानुवर्षं मागत आहेत, आणि मीही तेच मागतो.